लाँड्रीतला राजपुत्र

हॉलची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली तेव्हा आत मी होते आणि नाटकासाठी मागून आणलेल्या चादरींचा एक भलामोठा गठ्ठा होता. घंटा दाबून झाली, दारावर थापा मारून झाल्या. शेवटी गठ्ठ्यावर बसले आणि वेळ जावा म्हणून तालमीतलं गाणं म्हणायला लागले. माझा गळा बरा नाही. मी पियानो वाजवते ते उगाच नाही. पहिली ओळ संपली आणि वरून, लिफ्टच्या टपावरून, कुणीतरी तीच ओळ म्हटली... छान, मोकळ्या आवाजात.

"कोण आहे?"

"लिफ्टवाला. म्हणत राहा, म्हणजे आतलं माणूस ठीक आहे हे मला कळेल."

"आणि गप्प बसले तर?"

"तर मला आत उतरावं लागेल. आणि आत जागा दिसत नाही."

थोड्या वेळाने दार उघडलं. हाताला वंगण, एका भुवईवर धूळ, आणि चेहरा असा शांत की जणू माणसं रोजच चादरींवर बसून गातात.

"दुसरी ओळ चुकत होती तुमची," तो म्हणाला.

"अडकलेल्या बाईला असं बोलतात का?"

"नाही. म्हणून सुटेपर्यंत थांबलो."

आमचे दिग्दर्शक दातांचे डॉक्टर. समोरच्याने तोंड उघडलं की आधी दात बघतात, मग आवाज ऐकतात. हा आवाज त्यांनी जिन्यातूनच ऐकला होता. आमच्या हौशी मंडळात पुरुष गायकांची कायमची वानवा. लिफ्ट चालू झाली आणि लिफ्टवाला अडकला. त्याला थेट नायकाचं काम मिळालं.

नाटक म्हणजे एक जुनी विनोदी संगीतिका. राजपुत्र वेष पालटून शेजारच्या राजवाड्यात नोकर होतो आणि तिथल्या राजकन्येवर भाळतो. डॉक्टरांनी सगळा राजवाडा उचलून लाँड्रीत आणला. राजा झाला लाँड्रीचा मालक, सिंहासनाच्या जागी धुलाईचं मशीन, आणि सैन्य इस्त्रीवाल्यांचं. गाणी मात्र जुनीच ठेवली, त्यामुळे तलवारींचं गाणं हे सैन्य इस्त्र्या उगारून म्हणायचं. आम्ही स्वतःच हसून हसून बेजार व्हायचो.

साथ करणारीची नजर पियानोवर असते. गाणारा अडला तरच मान वर करायची, त्याच्या श्वासाकडे बघायचं, आणि तोवर तेच सूर फिरवत ठेवायचे. हा आमचा नायक प्रत्येक तालमीत अडायचा. प्रेमाचं गाणं, शेवटच्या ओळीच्या आधी. मी मान वर करायची, तो माझ्याकडे बघायचा... मग श्वास घ्यायचा आणि पुढे जायचा.

"दम पुरत नाही का?" मी एकदा विचारलं.

"पुरतो की."

"मग थांबता कशाला?"

"तुम्ही सांभाळून घेता ना," तो म्हणाला, आणि इस्त्री उचलून चालता झाला.

तो मला आवडायला लागला होता, हे सरळच सांगते. पण त्या पियानोचीही मला तितकीच ओढ होती. दिवसभर मामाच्या चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर चष्मे बसवायचे. संध्याकाळची ती खुर्ची तेवढी माझी स्वतःची होती.

ती गेली. प्रयोग तोंडावर आला असताना डॉक्टर म्हणाले, "बाई, राग मानू नका. या गड्याला ताल नाही, आणि तुम्ही त्याचे लाड करता. मी संगीताचं रेकॉर्डिंग मागवलंय. व्हायोलिनं, बासऱ्या, सगळं आहे त्यात. तुम्ही आता पहिल्या रांगेत निवांत बसा."

निवांत बसायला मी काय पाहुणी होते? वह्या आवरल्या आणि तालमीला जाणं बंद केलं.

त्याच आठवड्यात तो दुकानात आला. डोळे तपासायचे म्हणाला. मामाने मला आतल्या अंधाऱ्या खोलीकडे बोट दाखवलं आणि स्वतः पेपरमागे गडप झाला.

मी त्याच्यासमोर बसले. भिंगं बदलत विचारलं, "हे स्पष्ट दिसतंय, की हे?"

"दोन्हीतून तुम्हीच दिसताय."

"समोरच्या पाटीकडे बघा."

त्याने सगळ्यात खालची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचली.

"डोळे ठणठणीत आहेत," मी म्हणाले. "कशाला आलात?"

"तुमची खुर्ची माझ्यामुळे गेली." त्याने भिंगांची चौकट डोळ्यांवरून काढली. "मला ताल कळतो. मी मुद्दाम थांबत होतो... थांबल्याशिवाय तुम्ही मान वर करत नव्हतात."

मला गोड वाटलं आणि संतापही आला, अगदी एकदम. संताप आधी बाहेर पडला.

"म्हणजे तुमचा खेळ होतो आणि माझा जीव जातो."

"मी डॉक्टरांशी बोलतो."

"माझी कीव करून काही बोलू नका."

"कीव नाही. चूक माझी आहे, ती कबूल करणार."

"मग जिथे केलीत तिथेच करा. सगळ्यांसमोर."

बाहेर मामा खोकला. त्याला सर्दी नव्हती.

रंगीत तालमीला सगळ्यांच्या घरच्यांना बोलावलं होतं. मी जाणार नव्हते, पण मामा म्हणाला, "रुसून घरी बसलीस तर नुकसान कुणाचं?" आणि मला घेऊनच गेला.

पहिल्याच अंकात पंचाईत झाली. इस्त्रीवाल्यांचं सैन्य आलं, प्रेक्षक खो खो हसले, आणि रेकॉर्डिंग आपलं पुढे धावलं. हशा ओसरेपर्यंत गाणं दोन ओळी पुढे, सैन्य दोन ओळी मागे. पुढच्या विनोदाला लोक तोंड दाबून हसायला लागले, न जाणो काही ऐकायचं राहून जाईल. लिफ्टवाला मात्र अगदी तालात गात होता, कुठेही इकडचं तिकडे नाही.

प्रेमाचं गाणं सुरू झालं आणि दोन ओळींनंतर तो गायचाच थांबला. व्हायोलिनं एकटीच वाजत राहिली.

"डॉक्टर, ते बंद करा," तो म्हणाला. "मला ताल आहे, हे आता तुम्ही ऐकलंत. तालमीत मी मुद्दाम थांबायचो, पियानोवाल्या बाईंनी माझ्याकडे बघावं म्हणून. त्यांनी लाड केले नाहीत, फक्त त्यांचं काम केलं. शिक्षा मात्र त्यांना झाली."

हॉलमध्ये खसखस पिकली. माझे कान तापले. डॉक्टर विंगेतून बाहेर आले, कपाळ चोळत माझ्यासमोर उभे राहिले.

"बाई, चुकलंच माझं. लोकांच्या हसण्यासाठी थांबायला माणूसच लागतो. बसता का पियानोवर?" मग त्याच्याकडे वळून म्हणाले, "आणि तू पुन्हा थांबलास तर भूल न देता दाढ काढीन."

मी बसले. सैन्य पुन्हा आलं. लोक हसले, मी थांबले. हशा निवला, मी पुढचा सूर दिला. गेलेलं सगळं हाताला परत सापडत होतं. मग प्रेमाचं गाणं आलं. दाढेच्या धाकाने म्हणा, या वेळी तो अडला नाही. सरळ, तालात गात राहिला. शेवटच्या ओळीपर्यंत आम्ही पोचलो... आणि मी थांबले. हात पियानोवरच होते, पण मी सूर दिलाच नाही. त्याने वळून माझ्याकडे बघितलं.

"बाई," विंगेतून डॉक्टर कळवळले, "आता तुम्ही का थांबलात?"

"त्याने माझ्याकडे बघावं म्हणून," मी म्हणाले. "मला तो आवडतो, डॉक्टर."

मामाने टाळ्या सुरू केल्या, मग सगळ्या हॉलनेच. मी सूर दिला, पण लिफ्टवाला नुसता उभा. त्याला पुढची ओळ आठवेना. मागचं सैन्य ती कुजबुजून सांगत होतं, तीही त्याला ऐकू जात नव्हती. मी तेच सूर पुन्हा पुन्हा फिरवत त्याची वाट बघत बसले. मला काही घाई नव्हती.