निळीचा टब

वाऱ्याचं नाव नव्हतं, तरी दांडीवरचे कपडे हलत होते. धुऊन, इस्त्री होऊन महिना लोटला, पण न्यायला कुणी फिरकलंच नाही. लॉन्ड्रीवाली पोर हल्ली तिकडे पाठ करूनच काम करायची. समोरच्या शिंप्याच्या दुकानात कालपासून पंखा फिरत होता. शिंपी तेवढा नव्हता.

एवढ्यात शाळेतला मास्तर धापा टाकत आत शिरला. दर आठवड्याला न मळलेला शर्ट धुवायला टाकून उगाच रेंगाळणारा तोच हा! पण आज शर्ट निळाशार, हातही निळे.

"डाग... निघतील का हो?"

निघतात कसले! सरकार मोर्च्यावर निळं पाणी फवारायचं ते त्यासाठीच. कातडीवरून दिवसचे दिवस हलत नाही. निळे हात दिसले की माणूस गाडीत. गेलेला परत आलाय, असं गल्लीत कुणी ऐकलं नव्हतं.

"शर्टाचं बघते. हातांचं काय करू?"

"तुम्ही धरलेत, तर दिसणार नाहीत."

"मेल्या, जिवावर बेतलंय आणि याला चेष्टा सुचतेय!" म्हणाली खरी... पण कान गरम झाले.

बाहेर बूट वाजले. सावकाश, दारादारापाशी थांबत.

तिने त्याचा शर्ट काढून घेतला, नीळ कालवलेल्या टबात बुचकळला, त्याचे हात आत दाबले, वर स्वतःचेही. पाण्याखाली तिने त्याची बोटं घट्ट धरली.

शिपाई आत आला. "हात!"

चार निळे हात वर आले.

"कपड्यांना नीळ देतोय, साहेब. हा माझा... होणारा नवरा. मदतीला येतो."

शिपाई हसला नाही. "मान वळव."

कानामागे निळा ओघळ! तिचा हात आपसूक पुढे गेला, आणि ओल्या पंजाने तिने त्याची मानच माखून टाकली. "शंभरदा सांगितलं, निळीच्या हाताने मान खाजवू नकोस! ऐकेल तर शपथ!"

शिपाई दांडीवरच्या कपड्यांकडे बराच वेळ बघत राहिला. मग गेला.

"मग, लग्न कधी?" मास्तरने हळूच विचारलं.

"मागच्या दाराने निघ आधी."

"शर्ट वाळला की दांडीवर टांगून ठेव. येतो न्यायला—"

"नाही!" तिचा आवाज फाटला. "तिथे तुझा शर्ट नाही टांगायचा मला. आवडतोस तू मला... कळलं? ओलाच घाल."

त्याने तो घातला. बटणं तिनेच लावली, निळ्या बोटांनी, एकेक करून गळ्यापर्यंत. मागे दांडीवरचे कपडे हलायचे थांबले होते.