ढगाळ दिवसाचं पान

कविता आली ती रडतच. तिचे वडील एकोजीराव दोन दिवस जेवले नव्हते.

राजेश्वरीबाईंनी आधी तिच्या हाती कॉफी दिली, मग हळूहळू सगळी हकीगत काढून घेतली. कुंभकोणमात खासगी तपास करणाऱ्या त्या एकट्याच. सोबतीला भाचा कार्तिक. पोरगा कामाचा, पण त्याचा गुन्हेगार तपासाआधीच ठरलेला असे.

उपग्रह मायक्रोवेव्ह लहरींनी पृथ्वी कशी न्याहाळू लागले, याचा इतिहास छापला जात होता. त्यात एक प्रकरण एकोजीरावांवर होतं. १९९२ साली रडारचा उपग्रह डोक्यावरून जाई, नेमक्या त्याच वेळी ते सुंदरपेरुमाळ कोयिल गावच्या भातखाचरांत उतरून पाणी आणि रोपं मोजत. उपग्रहाचं खरं की खोटं, ते या आकड्यांवरून ठरे. आता त्यांच्याच रोजनिशीत एक सुटं पान निघालं होतं. शेवटची ओळ होती, ‘आकडे घरी बसून अंदाजाने भरले.’ झालं, आयुष्यभराच्या कामावर पाणी पडलं. प्रकरण वगळायचं ठरलं.

“बाबांना हल्ली दिसत नाही. मी ती ओळ वाचली आणि ते म्हणाले, पुरे, तुलाही हे माझं वाटलं ना?” कविता म्हणाली. पुस्तकाच्या संपादक रम्यालाही तिने तेवढीच ओळ कळवली होती.

पान मोडीत होतं. कुंभकोणमच्या या मराठी घराण्यातली जुनी सवय ती. एकोजीराव सोडले तर आता मोडी येणारे तिघंच उरले होते: कविता, तिचे काका मुरली, आणि कविताकडे शिकणारी रम्या. रम्यावर कार्तिकचा लगेच संशय बसला.

बाईंनी मात्र कविताकडून पान पहिल्यापासून मोठ्याने वाचून घेतलं. ‘ऐप्पसी, ऐन पावसाचा महिना. दाट ढग. उपग्रहाला आज भात दिसायचं नाही, म्हणून शेतात गेलो नाही. आकडे घरी बसून अंदाजाने भरले.’

मग तिघांना एकच प्रश्न विचारला. ढगाळ दिवशी एकोजीराव काय करत?

कविता म्हणाली, छत्री घेऊन हटकून निघत, आणि आईची बोलणी खात. रम्याने तर पुस्तकाचं पहिलं प्रकरणच ऐकवलं. कॅमेऱ्याला ऊन आणि मोकळं आकाश लागतं. रडार स्वतःच्या लहरी पाठवतं आणि त्या ढगांतून आरपार जातात. म्हणून तर तो उपग्रह सोडला होता.

मुरलीकाका निवृत्तीपर्यंत उपग्रहांच्या छायाचित्रांवरून नकाशे करत. ते हसून म्हणाले, “ढग आले की फोटोत सगळा दहीभात. आम्ही घरी बसायचो. अण्णाही बसला असेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी सगळ्यांना एकोजीरावांपुढे बसवलं.

“हे पान एकोजीरावांचं नाही,” त्या म्हणाल्या. “ढगांमुळे त्यांचा उपग्रह आंधळा होत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. रम्यालाही ठाऊक आहे. कविताने वडिलांना ढगांतच निघताना पाहिलंय. ढग आले की काम बंद, असं धरून चालणारा या घरात एकच माणूस. कॅमेऱ्यावर जन्म घालवलेला.”

कार्तिकने मान खाली घातली.

“माझे नकाशे कुणाला आठवत नाहीत,” मुरलीकाका म्हणाले. “एवढ्या पुस्तकात माझी एक ओळ नाही. अण्णाचं अक्षर मला लहानपणापासून येतं.”

प्रकरण राहील, असं रम्याने तिथल्या तिथे सांगितलं. कविताने सुटकेचा श्वास सोडला. एकोजीरावांना मात्र आनंद झाल्यासारखा दिसला नाही. त्यांनी भावाच्या आवाजाकडे तोंड वळवलं.

“मुरली, त्या उपग्रहानंतर तेहतीस वर्षं एका घरात जेवलो. ढगांतून दिसतं कसं, ते तू एकदा विचारलं नाहीस,” ते म्हणाले. “आणि मीही कधी सांगितलं नाही. ये, बस. सांगतो.”

मुरलीकाका त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले आणि रडू लागले.