आप्पांचा ब्रेक आणि न थांबणारी गाडी

आप्पांनी करकचून ब्रेक दाबला. चाकं थांबली, गाडी मात्र थांबेना! निवांत घसरत गेली आणि समोरच्या रबरी पुतळ्याला तिने आडवं केलं.

"दुसऱ्यांदा नापास," मागच्या सीटवरून त्यांची नात शाल्मली म्हणाली.

"अगं, कुंभार्ली घाटात एकतीस वर्षं एसटी चालवली मी. कोंबडीलासुद्धा धक्का नाही लागला!"

आप्पा दोनच महिन्यांपूर्वी चंद्रावरच्या वसाहतीत लेकीकडे राहायला आले होते. शुक्रवारी आजीचं यान उतरणार होतं. "न्यायला मीच येईन," असा शब्द त्यांनी तिला दिला होता. आणि उद्या परवान्याची शेवटची चाचणी!

दुसऱ्या दिवशी आप्पांनी गाडीत सहा पोती दगड भरले.

"हे काय?" परीक्षक यंत्रमानवाने विचारलं.

"साहेब, रिकामी एसटी घाटात उड्या मारते. पॅसेंजर भरले की रस्त्याला चिकटून चालते."

चाचणीआधी एक सराव मिळायचा. आप्पांनी ब्रेक दाबला. पुतळा पुन्हा आडवा!

"शाल्मली, एक पोतं उचल बरं," यंत्रमानव म्हणाला.

तिने ते उशीसारखं उचललं.

"आता गोल फिरव आणि एकदम थांबव."

पोतं थांबलंच नाही. उलट शाल्मलीच त्याच्यामागे फरफटत गेली आणि आप्पांच्या पोटावर आदळली.

"समजलं?" यंत्रमानव म्हणाला. "इथे वजन (म्हणजे चंद्राची ओढ) पृथ्वीच्या एक षष्ठांश. पण वस्तुमान (म्हणजे पोत्यात जेवढा माल आहे तो) तेवढंच. चाक रस्त्याला धरून ठेवतं ते घर्षण वजनावर अवलंबून असतं, थांबवायचं असतं मात्र सगळं वस्तुमान."

"म्हणजे दगड भरले तर पकड वाढते, पण थांबवायचा मालही तेवढाच वाढतो!" शाल्मली ओरडली.

"शाब्बास! तीसच्या वेगाला पृथ्वीवर ब्रेक लावल्यावर पाच मीटर लागत असतील, तर इथे तीस."

"मग काय, जन्मभर पायीच फिरू?" आप्पा कुरकुरले.

"वेग निम्मा करा. अंतर निम्मं नाही, चौथा हिस्सा होईल. आणि आप्पा, रागावू नका, पण सत्तरीत डोळ्यांनी पाहिलेलं पायापर्यंत पोचायला जरा जास्त वेळ लागतो. तेवढं अंतर आणखी सोडा."

आप्पांनी पोती उतरवली. या वेळी गाडी पंधराच्या वेगाने निघाली. ब्रेक लागला. पुतळ्याच्या नाकापासून चांगलं हातभर अंतर राखून गाडी थांबली. शाल्मलीने पुतळ्याशीच हस्तांदोलन केलं.

शुक्रवारी आजी गाडीत बसली. गाडी संथपणे निघाली. पुढच्या गाडीपासून भलंमोठं अंतर. आजीने आप्पांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप नाही ना तुम्हाला?"

"का गं?"

"लग्न झाल्यापासून सांगतेय, हळू चालवा, हळू चालवा. ऐकायला चंद्रावर यावं लागलं होय!"

आप्पा मिशीतल्या मिशीत हसले. मागे शाल्मली वहीत आकडे मांडत होती.

"आप्पा, मंगळावर वजन पृथ्वीच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त. तिथे किती अंतर सोडायचं ते मी काढतेय. मोठी झाले की तिथे मी चालवणार!"

"हळू चालव हो," आप्पा आणि आजी एकदमच म्हणाले.