तिहेरी जाळीची केबल

मीटरकाकांचं खरं नाव गिऱ्हाइकांना कधी लागलंच नाही. गळ्यात सिग्नल मोजायचा मीटर आणि जिभेवर एकच वाक्य: "दोष डिशमध्ये नसतो, केबलमध्ये असतो." तीस वर्षांत हे वाक्य खोटं पडलं नव्हतं, त्यामुळे काकांचा तोराही तसाच होता.

सकाळी अकराच्या सुमाराला ते तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात शिरले. दार उघडणाऱ्या मुलीचे डोळे जागरणाने सुजले होते. आत तिचे वडील टीव्हीसमोर खुर्चीत बसले होते. अर्धांगवायूच्या झटक्यापासून मुलीने हात दिल्याशिवाय त्यांना उभंही राहता येत नव्हतं.

"काका, चांगल्यातली चांगली केबल टाका," मुलगी म्हणाली. "टीव्हीत मधेच एक आवाज येतो."

"कसला?"

"आईचा. तिला जाऊन चार महिने झाले. बाबा तिच्याशी बोलतात. परवापासून जेवणही सोडलंय. म्हणतात, ती बोलावतेय, निघायला हवं. मला हे एवढेच उरलेत हो."

काकांना तिची कीव आली. दुःखातलं माणूस साप साप म्हणून भुई धोपटतं, हे त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं. तेवढ्यात बातम्या सांगणाऱ्याचा आवाज फाटला आणि खरखरीतून एक बाई बोलली. "अहो... येताय ना?"

बाबांनी मान डोलावली.

"ताई, 'अहो' म्हणणाऱ्या बायका जगात काय थोड्या आहेत?" काका म्हणाले. "दुसऱ्या कुठल्या तरी घरातली मालिका घुसतेय तुमच्यात. हे बघा." त्यांनी जुन्या केबलचं काळं साल सोललं. आतल्या तारेभोवतीची जाळी विरळ झाली होती, जागोजागी हिरवी पडली होती. "जाळी म्हणजे राखणदार. बाहेरचं काही आत येऊ देत नाही. तुमचा राखणदार कधीचाच झोपलाय."

त्यांनी दुहेरी जाळीची केबल टाकली. गच्चीवरच्या डिशपासून बॉक्सपर्यंत एकसंध, मधे एकही सांधा नाही. टीव्ही लावला. खरखर साफ गेली.

"अहो, किती वेळ लावता?"

शब्द न् शब्द ऐकू आला. काकांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तीस वर्षांत असा अपमान त्यांचा कुणी केला नव्हता. ते तरातरा खाली गेले आणि तिहेरी जाळीचं भेंडोळं घेऊन आले. हे भेंडोळं ते अवघड कामांसाठीच राखून ठेवत. कनेक्टर स्वतः आवळले, डिशकडच्या टोकावर रबराची टोपी चढवली, दोनदा मीटर लावला. सिग्नल पहिल्या नंबराने पास.

"आता मुंगी शिरणार नाही," ते म्हणाले आणि टीव्ही लावला.

बातम्यांवाल्याचे ओठ हलत होते, पण आवाज तिचा होता. दोन शब्दांमधला तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"अहो, उठा आता."

काकांच्या हातातला पाना तसाच राहिला. प्रत्येक केबलगणिक त्यांनी बाहेरचं सगळं गाळून टाकलं होतं. तरी ती उरली होती.

"काका, बोला ना काहीतरी."

"ताई," काका म्हणाले, "हे बाहेरून येत नाहीये."

बाबा हसले. चार महिन्यांत पहिल्यांदा. "आलो, आलो," म्हणत त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला.

"कापा ती!" मुलगी किंचाळली.

काकांनी कटर काढला आणि भिंतीलगतची केबल एका फटक्यात तोडली.

टीव्ही गप्प झाला. "गेला एकदाचा तो आवाज," मुलगी रडत म्हणाली. "वाचले माझे बाबा."

काका मात्र फरशीवर पडलेल्या टोकाकडे बघत होते. कापलेलं टोक उघडं सोडायचं नाही, आधी टोपी घालायची, हा धंद्यातला पहिला धडा. तीस वर्षांत ते एकदाही चुकले नव्हते. जाळी बाहेरचं आत येऊ देत नाही, तसं आतलं बाहेरही जाऊ देत नाही.

ते घाईने वाकले. टोकातून बाहेर येणारा हलका वारा बोटांना लागला.

मग तोही थांबला.

मागे खुर्ची करकरली. बाबा उभे होते.

"बाबा!" मुलगी धावली. "पडाल! माझा हात धरा, बसा खाली."

बाबांनी डावा हात तिच्या हातात दिला.

"दोघी मिळून ओढू नका गं," ते म्हणाले.

त्यांचा उजवा हात दाराकडे ताणलेला होता. मनगटाच्या जरा वर सदऱ्याची बाही आवळली गेली होती, आणि तिच्यावर चार बोटांच्या चुण्या पडल्या होत्या.