पुसलेले धागे

नवऱ्याला साधे साधे शब्द सापडेनासे झाले होते, आणि त्या काळजीनं तिचा तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता.

काकांनी गोष्ट इथूनच सुरू केली. एमआरआय विभागात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्या रात्री यंत्र दुरुस्तीसाठी बंद होतं, बाहेरच्या बाकांवर चिटपाखरू नव्हतं, आणि समोर दोन शिकाऊ टेक्निशियन पाय वर घेऊन बसले होते.

"यात भूत आहे ना काका?" त्यातल्या मुलीनं विचारलं.

"मी बघितलं नाही. पण जिनं सांगितलं ती खोटं बोलणाऱ्यातली नाही. बिचारी खरं बोलतानाही तीनदा माफी मागते. गप ऐका."

तर तिचा नवरा याच विभागातला. सगळे त्याला चित्रकार म्हणायचे. मेंदूतलं पाणी कुठल्या दिशेनं झिरपतं ते यंत्र टिपतं. त्यावरून आतल्या तंतूंच्या वाटा संगणकावर रंगीत धाग्यांसारख्या काढायच्या, हे त्याचं काम. गाठ काढण्याआधी सर्जन ते चित्र समोर ठेवतो आणि सुरी कुठून घालायची ते ठरवतो. चित्रकाराचा हात भलताच नेटका. एक धागा इकडेतिकडे दिसला की याच्या जिवाला चैन नाही. यंत्र कधीकधी खोटे धागेही काढतं, ते सगळेच पुसतात. पण गाठीला चिकटलेल्या धाग्याला हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवतात.

त्या शनिवारी तो रात्रपाळीला गेला आणि चष्मा घरीच विसरला. तिला वाटलं, नेऊन द्यावा. मग वाटलं, एवढ्यासाठी रात्री निघायचं, हे आपलं नेहमीचं खूळ. मग वाटलं, चष्म्याविना त्यानं कुणाच्या डोक्याचं भलतंच चित्र काढलं तर? घरात दुसरं कोणी नव्हतं. शेवटी चार वर्षांच्या लेकीला झोपेतून उचलून कडेवर घेतलं आणि ती निघाली. हॉस्पिटल दोन गल्ल्या पलीकडे. दारावरच्या घड्याळात अकराला दहा कमी होते.

"वहिनी, पळून गेला नाही तुमचा नवरा," रखवालदार हसला. "खाली तळघरातच आहे."

काचेच्या अलीकडे तो संगणकासमोर बसला होता. पलीकडच्या खोलीत अंधार, अंधारात यंत्र.

"आणलंस होय... ते," तो म्हणाला.

"काय ते?"

"ते गं... डोळ्यांचं."

तिनं पडद्याकडे बघितलं. करड्या मेंदूतून हिरव्या धाग्यांचा जुडगा कमानीसारखा वळला होता.

"कुणाचा हा?"

"माझा."

(काका इथे थांबले. "संध्याकाळी मीच त्याला यंत्रात घातलं होतं. गाठ नाही, सूज नाही, सगळं स्वच्छ. जा घरी म्हणालो, आणि मीच घरी गेलो.")

"बोलण्याचे तंतू आहेत हे," तो म्हणाला. "दर वेळी चित्र नव्यानं काढतो. दर वेळी एक धागा कमी. सहा गेले."

"अहो, यंत्राचं काहीतरी..."

"यंत्राचं नाही. त्या बाईंचं आहे."

कुठल्या बाई, हे तिला विचारावं लागलं नाही. बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करणाऱ्या बाई. अख्खं गाव तो आवाज ओळखायचं. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या मेंदूतली गाठ काढली. शुद्धीवर आल्या, सगळं समजायचं, पण तोंडून शब्द फुटेना. 'सूज आली, नशीब,' असं त्यानं घरी सांगितलं होतं. गेल्या रविवारी बाई वारल्या. सोमवारपासून याला शब्द सापडेनासे झाले.

"धागे होते," तो म्हणाला. "गाठीला चिकटून. चित्र कसं... पसाऱ्यासारखं दिसत होतं. मी पुसले. त्या स्वच्छ चित्रावर सर्जननी सुरी घातली. मग मी जुनं चित्रही... उडवलं."

"किती होते?"

तो टेबलाची कडा नखानं खरवडत राहिला. "सात."

"आणि मला सूज म्हणालात?"

"ऑपरेशननंतर बाई आल्या होत्या एकदा. इथेच. त्या काचेवर... हातानं..." त्यानं तळवा हवेत आपटून दाखवला. "मी पडदा ओढून घेतला."

तिला त्याची कीव यायला हवी होती. तिला त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली. लेक कडेवर होती म्हणून राहिलं.

"फोन लावा. आत्ता. सर्जनना सगळं सांगा. आहेत तेवढे शब्द वापरा."

त्यानं नंबर लावला. पलीकडे घंटा वाजायला लागली.

आणि टेबलावरचा स्पीकर खरखरला.

यंत्रात झोपलेल्या माणसाचं बोलणं त्यातून ऐकू येतं. पण यंत्रात कुणी नव्हतं.

स्पीकरमधून कुणीतरी घसा खाकरला. घोषणेच्या आधी खाकरतात तसा. एकदाच. नीट.

मग काही नाही...

ती काचेकडे बघत राहिली. पलीकडून काचेवर एक तळवा टेकला. सावकाश. मग आपटला.

पुन्हा.

पुन्हा.

"हॅलो?" फोनमध्ये सर्जन.

चित्रकारानं तोंड उघडलं. पडद्यावरचा एक हिरवा धागा बारीक झाला. अजून बारीक...

"हॅलो, कोण बोलतंय?"

धागा गेला.

त्याचे ओठ हलत होते. जीभ हलत होती. घशातून नुसता वारा.

काचेवरचा तळवा थांबला. बघत असल्यासारखा.

तिनं फोन त्याच्या हातून ओढून घेतला. "मी त्यांची बायको बोलतेय. माफ करा, रात्रीचा फोन केला," म्हणाली, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. बाई, गाठ, पुसलेले सात धागे, उडवलेलं चित्र. सांगून झालं तेव्हा स्पीकर बंद होता. काच कोरडी, स्वच्छ.

त्याला वरच्या मजल्यावर दाखल केलं. डॉक्टर धावले, तपासण्या झाल्या, कारण कुणालाच सापडलं नाही. तो आजही बोलत नाही.

पहाटे चारला ती लेकीला घेऊन घरी आली. वाटभर स्वतःला समजावत होती. सात पुसले, सात गेले. खरंही सांगून झालं. आता त्या बाईंना आपल्याकडून आणखी काय हवं असणार? लेकीला अंथरुणावर ठेवलं तेव्हा ती पुटपुटलीसुद्धा, "सातच होते. संपलं."

लेकीनं डोळे उघडले. झोप नव्हतीच त्यात.

"सात नाही गं आई. बाबा खोटं बोलले. नऊ होते."

"कुणी... कुणी सांगितलं तुला?"

गारठून लेकीनं पाय पोटाशी घेतले, आणि पायथ्याकडे बोट दाखवलं.

"आई, माझं ते दे ना... ते गं... अंगावर घेतात ते..."