जाफरी बाबाला मारलेली हाक

हे घडलेलं आहे. कुणी हसलं तर हसू दे.

माझ्या वडिलांची आत्या हरुली गोष्टी रचणाऱ्यातली नव्हती. पोरांनी भुताची गोष्ट मागितली की झोपेचं सोंग घ्यायची. ही एकच सांगायची, तीही खोदून खोदून विचारल्यावर.

राणीखेतची छावणी. कार्तिक महिना. दिवेलागणीची वेळ.

पहिल्या मोठ्या लढाईनंतरची वर्षं ती. देवदारांखालच्या बंगल्यात एका मेजरसाहेबाकडे हरुली आया होती. साहेबाचा जॉफ्री तिच्याच मांडीवर वाढला. साहेबाच्या पोराला नोकरमाणसं 'बाबा'च म्हणायची, तसा आमच्या लोकांच्या तोंडात त्याचा झाला जाफरी बाबा. पोरगं आमची पहाडी घडाघडा बोलायचं, इंग्रजी मात्र अडखळत. मेमसाबसमोर त्याला चहाच्या वेळी न्यायचं, केस विंचरून, मोजे वर ओढून.

सातवं लागलं आणि त्याला विलायतेच्या शाळेत धाडलं. साहेबलोकांत सगळेच धाडत. हरुलीला मेमसाबने कपड्यांच्या कामाला ठेवून घेतलं.

त्या संध्याकाळी ती व्हरांड्यात कंदील लावत होती. हात कामात, मन भलतीकडे. आणि सवयीने तोंडातून निघून गेलं...

"जाफरी बाबा, चल रे, दूध गार होतंय."

तिने जीभ चावली. आमच्याकडे लांब गेलेल्या माणसाला दिवेलागणीला नाव घेऊन हाक मारत नाहीत. माणूस तिकडेच राहतो, पण त्याच्यातलं काहीतरी मागे फिरतं, असं म्हणतात.

खानसामा नन्हे मियाँ स्वयंपाकघरातून हसला. "काय गं, आता माकडांना दूध पाजणार का?"

ती उत्तर देणार, तेवढ्यात...

खालच्या वाटेवर खडी वाजली.

लहान पावलं. पळत येणारी.

पायऱ्यांशी येऊन थांबली.

वाटेवर कुणीच नव्हतं. पोस्टमनच्या अंगावर धावून जाणारा साहेबाचा कुत्रा उठला, आणि शेपूट हलवायला लागला.

"आया..." आवाज तिच्या गुडघ्याजवळून आला. "थंडी वाजते."

 हरुलीने शाल उघडली, पूर्वी रोज उघडायची तशी. शालीत काहीच आलं नाही. फक्त तिच्या अंगातली ऊब निघून गेली.

दोन-तीन दिवसांनी तार आली. बाबाला शाळेत ताप आला होता. त्यातच तो गेला.

मेमसाब कुणासमोर रडल्या नाहीत. त्या दिवशी पाहुणे यायचे होते. त्यांनी कुणाला परत पाठवलं नाही, सगळ्यांना स्वतः चहा ओतला. पण दुधाचं भांडं तेवढं त्यांना उचलेना, शेवटी मियाँने पुढे होऊन ते घेतलं.

बाबा मात्र रोज संध्याकाळी येत राहिला. शेवटी मियाँनेच ते मेमसाबच्या कानावर घातलं.

दुसऱ्या दिवशी कंदील लागला तेव्हा मेमसाब बाहेर आल्या आणि हरुलीशेजारी खाली फरशीवर बसल्या. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"आया, तो येतो?"

"येतो, मेमसाब."

खडी वाजली...

मेमसाबना काही ऐकू आलं नाही. त्यांनी कुत्र्याची हलणारी शेपटी पाहिली आणि समोरच्या हवेशी आपल्या भाषेत हळूहळू बोलत राहिल्या. मग हरुलीकडे वळल्या.

"काय म्हणाला?"

"आया, शाल दे," एवढंच बाबा म्हणाला होता.

"तुमची चौकशी करतो," हरुली म्हणाली. "मम्मा बरी आहे का, विचारतो."

मेमसाबनी रुमाल तोंडात कोंबला. हरुलीला त्यांची फार दया आली. भीतीही वाटली.

"मेमसाब, पोर अडकलंय इथे. बोलावलं मी, पण माझ्या सांगण्याने ते जायचं नाही. जन्म देणारीनेच 'जा' म्हणावं लागतं. मी शब्द शिकवते, तुम्ही तेवढं म्हणा."



"मी म्हटलं होतं ना त्याला 'जा'. टांग्यात बसवताना तो तुझ्याकडे वळून वळून बघत होता, तरी म्हटलं. आता नाही म्हणणार."

सारा हिवाळा त्या दोघी शेजारी शेजारी बसल्या. मेमसाब रोज विचारायच्या, आज माझी आठवण काढली का? हरुली रोज काहीतरी रचून सांगायची. मेमसाबचा चेहरा तेवढ्यापुरता उजळायचा.

फाल्गुनात साहेबाने बायकोला विलायतेला न्यायचं ठरवलं. तिचं डोकं फिरलंय, असं छावणीत बोललं जात होतं. निघताना मेमसाबनी हरुलीचा हात धरला.

"त्याला सांग..."

एवढं म्हणून त्या टांग्यात बसल्या.

त्या संध्याकाळी बंगल्याला कुलूप होतं. कुत्राही साहेबांबरोबर गेला होता. हरुली व्हरांड्यात एकटी बसली.

पावलं आली...

पण आज ती शालीजवळ थांबली नाहीत. पायऱ्या चढून मेमसाबच्या खोलीच्या बंद दारापर्यंत गेली. 

मग हळूहळू परत आली.

"आया... मम्मा कुठाय?"

आत्याची गोष्ट इथेच संपायची. मग तू काय सांगितलंस, असं मी विचारलं की उठून चुलीतली लाकडं सारखी करायची.

दुसऱ्याच दिवशी तिने गावाची वाट धरली. त्या बंगल्याकडे पुन्हा फिरकली नाही. मीही त्या बाजूचं काम असलं तर दुपारीच उरकतो. त्याला 'जा' म्हणू शकणारी बाई समुद्रापार गेली, आता कधीचीच वारली असेल.

मग बाबा गेला कसा असेल... की गेलाच नाही, ते मला माहीत नाही.