शुक्राशेजारची कोर

धक्क्याच्या टोकाशी आयलीने दुर्बिणीची तिपाई बर्फात रोवली, तोच मागून आवाज आला, "विमान शोधताय का?"

"विमान नाही, शुक्र आहे तो. आणि जरा बाजूला व्हाल? चंद्र अडवलाय तुम्ही."

तो हसत सरकला. टाउनो त्याचं नाव. लोहखनिज वाहणाऱ्या जहाजावर खलाशी. सरोवर गोठल्यामुळे हिवाळाभर इथे, डुलुथ गावच्या बंदरात अडकलेला. आयलीने त्याला दुर्बीण दिली. मावळतीच्या केशरी उजेडात नखाएवढी कोर, शेजारी टपोरा शुक्र... त्याचा डोळा निघेना.

"पुन्हा कधी येतील असे जवळ?"

"पुढच्या महिन्यात."

"मग मीही येतो. चंद्र न अडवता!"

फेब्रुवारीत तो आला, थर्मासमध्ये कॉफी घेऊन. मग आभाळ भरलेलं असलं तरी येऊ लागला. तिचे गारठलेले हात त्याने हातांत घेतले, तेव्हा तिने ते सोडवले नाहीत. घरी जाऊन मात्र रडली. खलाशाला जीव लावायचा नाही, असं तिने स्वतःला बजावलं होतं.

मार्चमध्ये बर्फ फुटला. त्या संध्याकाळी चंद्र आणि शुक्र अगदी खेटून होते.

"उद्या सकाळी निघतोय," टाउनो म्हणाला.

"माहीत आहे." तिने दुर्बिणीतून डोळा काढला नाही.

"आयली... बोल ना काहीतरी."

"काय बोलू? बाबांनाही आम्ही इथूनच निरोप दिला होता. नोव्हेंबरचं वादळ आलं... जहाजही सापडलं नाही."

"परत येईनच, असं खोटं वचन देणार नाही. पण तू म्हणालीस तर जहाज सोडतो."

"नको. किनाऱ्यावर झुरत बसलेला तू मला बघवणार नाहीस."

"मग?"

"मग काय... प्रत्येक वादळात घाबरेन मी. तुला शिव्या देईन. आणि तरी वाट बघेन —" तिने दुर्बिणीतून डोळा काढून त्याच्याकडे पाहिलं. "जीव जडलाय रे तुझ्यावर. कधीचाच."

टाउनोने तिच्या कपाळाला कपाळ टेकवलं. दोघांचे श्वास वाफ होऊन एकमेकांत मिसळले.

सकाळी ती धक्क्यावर आली, तेव्हा तिच्या दंडाला धरून आई उभी होती. नवरा गेल्यापासून त्या बाईने पाण्याकडे पाहिलं नव्हतं. जहाजाने भोंगा दिला. टाउनो कठड्याशी येऊन धक्क्यावर नजर फिरवू लागला.

हात आधी आईने उंचावला.